शेजार राखायचा की भाव?

माणूस घर बांधतो तेव्हा तो केवळ चार भिंती उभ्या करीत नाही. आयुष्याची कमाई एका जागी रोवून ठेवतो. फंडाचे पैसे, घरधनिणीचे दागिने, पतपेढीचे कर्ज या सर्वांची मिळून ती वास्तू झालेली असते. म्हणून शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर उद्या काय उभे राहणार, ही चिंता त्यास वाटली तर त्यात नवल नाही. तेथे लाकडाची वखार आली तर? सहा मजली इमारत उठून आपला उजेड व वारा अडला तर? अशा चिंतेतूनच वस्ती राखणारे नियम जगभर जन्मास आले. या भागात घरेच असावीत, कारखाना नसावा. इमारतीची उंची इतकीच असावी. रस्त्यापासून इतके अंतर सोडावे. यापेक्षा लहान प्लॉट पाडू नयेत. आपल्याकडील शहरांच्या विकास आराखड्यांत असे निरनिराळे झोन आखलेले असतात, हे वाचकांस ठाऊकच आहे.

असा नियम वस्ती राखतो, आणि वस्ती राखता राखता घराचा भावही राखतो. येथवर तक्रारीस जागा नाही. परंतु हा नियम कोणत्या वळणावर शेजार राखण्याचे सोडून केवळ भाव राखू लागतो? आणि भाव राखला जातो तेव्हा त्याची किंमत कोण भरतो? या प्रश्नाचा विचार या लेखात करावा असे आम्ही योजिले आहे. प्रश्न वरवर पाहता नगरपालिकेच्या कचेरीतला वाटतो; पण त्याच्या मुळाशी "माझा शेजारी कोण?" हा जुनाच प्रश्न आहे.

प्रथम नियमांचा पैशाशी संबंध कसा येतो ते पाहू. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराने १९१६ साली संपूर्ण शहरासाठी असे झोन ठरविले. त्यानंतर ही पद्धत झपाट्याने पसरली. ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहराला लागून यूक्लिड नावाचे गाव आहे. त्या गावाने १९२२ साली नियम केले. तेथे अँब्लर नावाच्या जमीन व्यवहार करणाऱ्या कंपनीची ६८ एकर जमीन होती. कंपनीचे म्हणणे असे की, कारखान्यासाठी विकली तर या जमिनीला एकरी दहा हजार डॉलर येतील. पण घरांपुरती राखून ठेवली तर अडीच हजारच येतील. म्हणजे नियमाने आमची मालमत्ता हिरावून घेतली. हा दावा थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९२६ साली सहा विरुद्ध तीन अशा मतांनी न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. लोकांचे आरोग्य, सुरक्षितता व स्वास्थ्य यांसाठी गाव असे नियम करू शकते, असे तत्त्व तेव्हापासून रूढ झाले.

परंतु त्या खटल्यातील एक गोष्ट विसरता कामा नये. खालच्या न्यायालयाचे न्यायाधीश वेस्टनहेव्हर यांनी १९२४ साली कंपनीच्या बाजूने निकाल देताना म्हटले होते की, अशा नियमाचा शेवटचा परिणाम माणसांची त्यांच्या उत्पन्नाप्रमाणे वर्गवारी करून त्यांना वेगवेगळे बसविणे हा होईल. वरच्या न्यायालयात त्यांचा निकाल फिरला. पण त्यांचे भाकीत मात्र पुष्कळ अंशी खरे ठरले.

असे का झाले? वस्ती राखणारा नियम तीन वाटांनी जमिनीचा भाव वाढवितो. पहिली वाट खात्रीची. शेजारी रासायनिक कारखाना येणार नाही, ही खात्री असली की बँक कर्ज देण्यास तयार होते व घेणाराही चार पैसे अधिक मोजतो. दुसरी वाट टंचाईची. एका एकरात वीस बिऱ्हाडे बसू शकत असता दोनच बसू दिली, तर घरे थोडी व गिऱ्हाईक फार, अशी स्थिती होते आणि भाव चढतो. तिसरी वाट उंबरठ्याची. अर्ध्या एकराहून लहान प्लॉट पाडायचा नाही, असे ठरले की ज्याच्याजवळ अर्ध्या एकराचे पैसे नाहीत, त्यास त्या गावात प्रवेशच नाही. गावाच्या वेशीवर पाटी लावावी लागत नाही. नियमच पाटीचे काम करतो.

पहिल्या वाटेने झालेली वाढ कोणाच्या ताटातून काढलेली नाही. तो सर्वांनी मिळून पाळलेल्या शिस्तीचा लाभ आहे. दुसऱ्या व तिसऱ्या वाटेने होणारी वाढ मात्र बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या खिशातून येते. आणि तो माणूस नियम करणाऱ्या सभेत बसलेला नसतो. या तिन्ही वाटा एकाच नियमात मिसळलेल्या असतात, म्हणून प्रामाणिक माणसासही फरक चटकन कळत नाही.

आता एका गावाची हकिगत सांगतो. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात माउंट लॉरेल नावाचे गाव आहे. क्षेत्र सुमारे २२ चौरस मैल. १९५० साली तेथे २,८१७ माणसे राहत, बहुतेक शेतकरी. जवळून मोठे हमरस्ते गेले, फिलाडेल्फिया व कॅम्डेन ही शहरे हाकेच्या अंतरावर आली, आणि १९७० साली लोकसंख्या ११,२२१ झाली. नवी, ऐसपैस घरे उठू लागली. याच गावात कित्येक पिढ्यांपासून काही कृष्णवर्णीय कुटुंबे राहत होती. मोलमजुरी करणारी माणसे. पुष्कळांची घरे मोडकळीस आलेली, काही तर जुन्या कोंबड्यांच्या खुराड्यांचीच केलेली. गावाचे अधिकारी अशी घरे राहण्यास अयोग्य ठरवू लागले. अयोग्य ती होतीच. पण ती पाडल्यावर माणसांनी जायचे कोठे? त्याच गावात नवे घर घेणे त्यांच्या ऐपतीबाहेरचे होते.

तेव्हा गावातील काही लोकांनी ३६ साध्या बिऱ्हाडांची एक वसाहत बांधण्याचे योजिले. गावाने ते मानले नाही, कारण नियमाप्रमाणे तेथे स्वतंत्र बंगलेच बांधता येत होते. १९७० साली एका रविवारी गावचे महापौर बिल हेन्स तेथील आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल मंडळीच्या जेकब्स चॅपेल या लहानशा उपासनामंदिरात आले, आणि ज्यांना या गावात राहणे परवडत नाही त्यांनी गाव सोडावे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी जमलेल्या मंडळीस दिले. ऐकणाऱ्यांत एथेल लॉरेन्स ही बाई होती. ती लहान मुलांना शिकविणारी, त्याच गावात सहाव्या पिढीपासून राहणाऱ्या घराण्यातली. तिने व तिच्या सोबत्यांनी १९७१ साली गावावर दावा लावला.

न्यायालयासमोर जे उघडकीस आले ते शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी लक्षपूर्वक वाचावे. त्या राज्यात शाळांचा खर्च मुख्यतः गावच्या घरपट्टीतून चालतो. ज्या घरात मुले फार आणि घर लहान, त्या घरापासून कर थोडा व शाळेचा खर्च अधिक. म्हणून गावाने मोठ्या गृहप्रकल्पांना परवानगी देताना अशा अटी घातल्या होत्या की, एका शयनगृहाच्या बिऱ्हाडात शाळेत जाण्याच्या वयाचे मूल राहता कामा नये. दोन शयनगृहांच्या बिऱ्हाडात दोनांहून अधिक मुले नसावीत. आणि दर दहा बिऱ्हाडांमागे तीनांहून अधिक मुले शाळेत आली, तर वरच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च बांधणाऱ्याने द्यावा. उलट कारखान्यांसाठी गावाने सुमारे चार हजार एकर राखून ठेवले होते, त्यांपैकी शंभर एकरांच्या आसपासच वापरात होते. कारण कारखाना कर देतो आणि शाळेत मुले पाठवीत नाही. हिशेब अगदी बिनचूक होता. त्या हिशेबात मूल हे तोट्याच्या बाजूस लिहिले होते, एवढेच.

ज्यांनी हे नियम केले ते दुष्ट होते असे आम्हांस म्हणावयाचे नाही. त्यांपैकी पुष्कळजण रविवारी उपासनेस जाणारे, मुलाबाळांवर माया करणारे असतील. आपले कर वाढू नयेत, आपल्या घराचा भाव उतरू नये, एवढेच त्यांस हवे होते. एकेकट्याची इच्छा निष्पाप दिसते. पण त्या सर्व इच्छांची मिळून झालेली भिंत कोणाच्या तरी अंगावर पडते. पाप नेहमीच रागाने लाल होऊन येत नाही; कधी ते नीट आखलेल्या नकाशाच्या रूपाने येते.

१९७५ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती फ्रेडरिक हॉल यांच्या निकालपत्राद्वारे ठरविले की, वाढणाऱ्या गावाने आपल्या प्रदेशातील गरजेचा वाजवी वाटा उचललाच पाहिजे. नियमांच्या आडून गोरगरिबांना बाहेर ठेवता येणार नाही. यावर गावाने काय केले? तीन ठिकाणचे तुकडे मिळून सुमारे २० एकर जमीन गरिबांच्या घरांसाठी दाखविली. गावच्या एकूण जमिनीच्या शेकडा पाव भागाहूनही ती कमी होती. अक्षर पाळले, अर्थ टाळला.

१९८३ साली त्याच न्यायालयाने मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट विलेंट्झ यांच्या निकालपत्राने अधिक कडक उपाय सांगितला. एखादा बिल्डर जर आपल्या प्रकल्पातील ठराविक भाग, साधारण पाचवा हिस्सा, अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी राखून ठेवण्यास तयार असेल आणि गाव कर्तव्य टाळीत असेल, तर न्यायालय त्यास नियमाहून दाट वस्ती बांधण्याची परवानगी देईल. नफ्याच्या इच्छेलाच गरिबांच्या गाडीस जुंपण्याचा हा प्रयत्न होता. याने घरे बांधली गेली खरी. पण एका गरिबाच्या घरापाठी चार श्रीमंतांची घरे उठली आणि पुष्कळ शेते बुजली, अशी तक्रारही झाली. तीत तथ्य आहे. पुढे १९८५ च्या कायद्याने अशीही सोय करून दिली की, गावाने आपल्या वाट्याचा निम्म्यापर्यंतचा भाग पैसे देऊन दुसऱ्या शहराकडे सोपवावा. म्हणजे शेजारी घेण्याऐवजी त्याला दूर ठेवण्याची रक्कम भरावयाची. ही सवलत २००८ साली रद्द झाली.

एथेल लॉरेन्स १९९४ साली वारली. घरे तिने पाहिली नाहीत. १९९७ साली गावाने वसाहतीस परवानगी दिली आणि २००० साली पहिली कुटुंबे राहावयास आली. एकूण १४० बिऱ्हाडांच्या त्या वसाहतीस तिचेच नाव आहे. परवानगीच्या वेळी गावकऱ्यांनी जी भीती व्यक्त केली तीच सर्वत्र ऐकू येते: गुन्हे वाढतील, कर वाढतील, आमच्या घरांचे भाव कोसळतील. ही भीती खरी ठरली काय? समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी व त्यांचे सहकारी यांनी याचा कसून अभ्यास केला व २०१३ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. आसपासच्या तशाच गावांशी तुलना करून त्यांना आढळले की, या वसाहतीमुळे शेजारच्या घरांचे भाव उतरले नाहीत, गुन्हे वाढले नाहीत व करही वाढले नाहीत. शेजारच्या कित्येकांना तर अशी वसाहत आपल्या जवळ आहे हे ठाऊकही नव्हते. तेथे राहावयास आलेल्या कुटुंबांची कमाई व मुलांचे शिक्षण मात्र सुधारले. तीस वर्षे जी भिंत भाव राखण्यासाठी उभी होती, तिने राखण्यासारखे पलीकडे काही नव्हतेच.

तथापि एका गावाच्या अनुभवावरून सर्वच नियम अन्यायाचे ठरविणे हे उतावीळपणाचे होईल. नियम हटले की गरिबाला घर मिळते, असे मुळीच नाही. बहुधा ते ज्याच्याजवळ आधीच पैसा आहे त्यालाच आधी मिळते. गोव्यातील आमच्या वाचकांना हे सांगावयास नको. तेथे प्रादेशिक आराखडा २०११ या नावाने २००६ साली जो आराखडा निघाला, त्यात शेतजमिनी व रानाखालील जमिनी वस्तीसाठी खुल्या होतात, असे पाहून लोक खवळून उठले. गावोगाव सभा झाल्या, आणि २००७ च्या आरंभी सरकारने तो मागे घेतला. तेथे नियमाची ढिलाई गुंतवणूकदारास हवी होती आणि नियमाचे कुंपण गावाला. भाताचे शेत व गावचे पाणी हे सर्वांचे असते. ते राखणारा नियम गरिबाचाही रखवालदार असतो. म्हणून नियम कडक आहे की सैल, यावरून त्याचा न्याय करता येत नाही. तो काय राखतो व कोणासाठी राखतो, हे पाहावे लागते.

पवित्र शास्त्रातील जमिनीचे नियम हाच विवेक शिकवितात. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्यास गच्चीला कठडा करण्याची आज्ञा आहे. ती कोणी पडून मरू नये म्हणून, घराची किंमत वाढावी म्हणून नव्हे. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात तटबंदीच्या नगरातील घर वर्षभरात सोडविले नाही तर कायमचे विकले जाते. परंतु तट नसलेल्या खेड्यातील घर शेताप्रमाणे मानले जाऊन योबेल वर्षी मूळ कुटुंबाकडे परत जाते. व्यवहाराला जागा आहे. पण ज्या जमिनीवर कुटुंबाचे पोट आहे ती जमीन व्यवहाराच्या तोंडी कायमची द्यायची नाही. आणि यशयाच्या पाचव्या अध्यायात घराला घर व शेताला शेत जोडीत जाणाऱ्यांना दिलेला इशारा तर प्रसिद्धच आहे: अखेरीस दुसऱ्या कोणास जागाच उरत नाही, ही त्यांची चूक.

आता आपल्या घराजवळ येऊ. २००५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या दाव्यात असे ठरविले की, सहकारी संस्थेला आपले सभासदत्व पोटनियमाने एका समाजापुरते मर्यादित ठेवता येते. एका सभासदाला आपली जागा बाहेरच्यांना विकावयाची होती. संस्थेने हरकत घेतली. ती मान्य झाली. संख्येने अगदी थोड्या असलेल्या समाजाला आपली वस्ती टिकवावीशी वाटते, हे आपण ख्रिस्ती लोक सहज समजू शकतो. जुन्या मिशन कंपाउंडांत जे वाढले त्यांना एकत्र शेजाराचे सुख ठाऊक आहे. पण ज्या दाराने धाकटा आपले घर राखतो, त्याच दाराने थोरला धाकट्याला बाहेर काढू शकतो. ख्रिस्ती कुटुंब भाड्याने घर पाहावयास जाते आणि "तुम्ही मांस-मच्छी खाता, सोसायटीत चालत नाही" असे ऐकून परत येते, हा अनुभव आपल्या मंडळ्यांत अनोळखी नाही. जे आपल्याला लागते तेच उद्या आपल्या सोसायटीच्या सभेत आपण दुसऱ्यास लावू काय?

येथे एक आक्षेप येईल. एखादे निवृत्त शिक्षक म्हणतील, "आम्हांला पेन्शन तुटपुंजी, हे घर हीच आमची पुंजी. उद्या आजारपणात ते विकावे लागले व भाव आला नाही, तर आम्ही काय करावे?" हा आक्षेप लोभाचा नाही आणि त्यास उपदेशाने उडवून लावू नये. म्हातारपणाची तरतूद घराच्या भावाखेरीज दुसरी नसावी, हीच मुळात समाजाची उणीव आहे. परंतु त्या शिक्षकांस आम्ही दोन गोष्टी विनयाने सुचवू. पहिली ही की, भीती वाटणे आणि नुकसान होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. माउंट लॉरेलमध्ये भीती खरी होती, नुकसान झाले नाही. तेव्हा आधी मोजावे, मग हरकत घ्यावी. दुसरी ही की, आपल्या पुंजीचे रक्षण करण्याचा भार अशा माणसावर टाकू नये, ज्याच्याजवळ पुंजीच नाही.

तेव्हा वाचकहो, नगरपालिकेने हरकती मागविल्या असतील, सोसायटीचा पोटनियम बदलावयाचा असेल किंवा मंडळीच्या मालकीच्या जागेचे काय करावे असा विषय वडीलमंडळींच्या सभेपुढे आला असेल, तर मत देण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःस विचारावेत असे आम्हांस वाटते. हा नियम हवा, पाणी, उजेड, शेत, सुरक्षितता अशा सर्वांच्या वस्तूचे रक्षण करतो, की केवळ आमच्या भावाचे? त्याची किंमत जो भरणार त्यास या सभेत बोलावयास जागा आहे काय? आणि तो आमच्या वस्तीत राहावयास आला, तर आमचे नेमके काय जाईल, हे आम्ही मोजले आहे काय?

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी तरुणांच्या वर्गात दयाळू शोमरोन्याचा धडा घेताना हेच प्रश्न विचारून पाहावेत. वाटेवर पडलेल्या माणसाला उचलणे आपल्याला कळते. पण तो बरा होऊन, बायकामुलांसह, आपल्या शेजारचे घर भाड्याने मागावयास आला, तर आपण कोणता पोटनियम काढून दाखवू? या प्रश्नाचे उत्तर मुलांनी घरी जाऊन आईवडिलांस विचारावे आणि पुढच्या रविवारी वर्गात सांगावे.